भटू आप्पांची राहिलेली माफी

आप्पांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकतेच हातपाय धुतले होते. "सर, आप्पा गेले," ती म्हणाली. अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं ते मला ठाऊक आहे, पण मला पहिल्यांदा आला तो राग. निसटला म्हातारा, असं मनात आलं. काम अर्धवट टाकून निसटला... आता या गोष्टीला काही आठवडे उलटून गेले. आप्पांच्या गावी, रनाळ्याला जाऊन दारावर बसून आलो, लोक आप्पांबद्दल चांगलं बोलत होते तेही ऐकलं, तरी तो राग पुरता उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. आप्पांबद्दल चांगलं बोलायचं तर सुरुवात वाईटापासूनच करावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

मी पावरा, आदिवासी. धडगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावर वाढलो. घरचं नाव वेस्ता, शाळेत गेल्यावर झालेलं नाव विजय. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ही मराठी मला नीट येते, कारण ती मला उपाशी ठेवून शिकवलेली आहे. आमची आश्रमशाळा डोंगराच्या पायथ्याशी होती, एका संस्थेची. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणाऱ्याला हायसं वाटतं, चला, ती एकच शाळा तसली होती म्हणून. भटू पाटील तिथं अधीक्षक होते, म्हणजे वर्गाबाहेरचं आमचं उठणं, बसणं, जेवणं, झोपणं सगळं त्यांच्या ताब्यात. आम्ही त्यांना सर म्हणायचो. आप्पा म्हणायला लागलो ते पुष्कळ नंतर. रनाळ्याच्या चांगल्या शेतकरी घरातले, पांढरा सदरा, दणदणीत आवाज. पोरांची नखं ते स्वतः कापायचे, खरूज झाली की गंधकाचं मलम स्वतःच्या हातानं लावायचे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेलंही मी त्यांना पाहिलं आहे. हे सगळं खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

सरांचा एक नियम होता. पंगतीत बसल्यावर ज्याला जे हवं ते त्यानं मराठीत, पूर्ण वाक्यात मागायचं. "सर, मला भाकरी हवी आहे." "सर, मला वरण हवं आहे." आमच्या बोलीत मागितलं किंवा नुसता हात पुढं केला तर ताट रिकामं, आणि सगळ्यांचं आटोपेपर्यंत भिंतीशी उभं राहायचं. पहिलीतली पोरं, कालपरवापर्यंत शेळ्यांमागं हिंडणारी. 'हवी' कुठं आणि 'हवं' कुठं हे आम्हाला व्याकरणाच्या पुस्तकानं नाही, भुकेनं शिकवलं. सरांना त्यात काही चूक करतोय असं वाटत नव्हतं. पाहुणे आले की ते मोठ्या कौतुकानं आमची पंगत दाखवायचे.

गुमान माझ्याच पाड्यावरचा, माझ्याहून लहान. घरी असताना अखंड बडबडायचा, झाडावरच्या माकडांशीसुद्धा भांडायचा. शाळेत आला आणि मुका झाला. बरेच दिवस तो भिंतीशी उभा दिसायचा. मग त्यानं एक वाक्य पाठ केलं, भाकरीचं. तेवढ्यावरच त्याचं चालायचं. वरण मागता यायचं नाही म्हणून कोरडी भाकरी पाण्याबरोबर खायचा. एका दुपारी त्याच्या पोटात दुखायला लागलं. हे नेहमीचं दुखणं नव्हतं. तो चिंचेखाली पाय पोटाशी घेऊन पडला होता आणि आमच्या बोलीत आईला हाका मारत होता. मी धावत सरांकडं गेलो. ते धान्याची पोती उतरवून घेत होते. म्हटलं, "सर, गुमानचं पोट दुखतंय." सर म्हणाले, "त्याला तोंड नाही का? त्याचं त्याला सांगू दे." आम्ही दोघातिघांनी त्याला उभं करून त्यांच्यापुढं आणलं. तो कमरेत वाकला होता, घामानं नुसता निथळत होता. "बोल, काय होतंय तुला? मराठीत बोल." गुमानकडं मराठीचं एकच वाक्य होतं, ते त्यानं सांगितलं. "सर, मला भाकरी हवी आहे."

सर खूश झाले. खरंच सांगतो, खूश झाले. "शाब्बास!" म्हणाले. "बघा, बोलला की नाही?" आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतः भाकरी आणून त्याच्या हातावर ठेवली. मी पुन्हा म्हटलं, "सर, पोट..." तर म्हणाले, "खाल्लं की बरं वाटेल." दुसऱ्या दिवशी जीप आली तोवर गुमान कुणाला ओळखत नव्हता. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. प्रेत घेऊन पाड्यावर गेलेल्या शाळेच्या माणसांनी घरच्यांना सांगितलं, ताप आला होता, घरूनच घेऊन आला असेल. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेल्यावर गुमानची आई सायकी माझ्याकडं विचारायला आली. मी पाहिलं होतं ते सगळं तिला सांगितलं. ती रडली नाही, उठून गेली. तिची धाकटी मुलगी ठुमली तेव्हा रांगत होती. तिला सायकीनं शाळेचं तोंड कधीच दाखवलं नाही. ठुमली आज दर हंगामात नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊस तोडायला जाते. तिला बसवरची पाटी वाचता येत नाही. आमच्याकडं शिक्षणाचं महत्त्व लोकांना कळत नाही, असं भाषणात म्हणणारे पुष्कळ भेटतात. का कळत नाही, हे विचारायला पाड्यावर कुणी चढत नाही.

पुढं मी दहावी झालो, डी.एड. झालो, नोकरीला लागलो. सर मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी शहाद्याच्या बसस्टँडवर मागून हाक आली, "विजय!" सर होते. खूप म्हातारे दिसत होते, हातात कापडी पिशवी. मी पाया पडलो नाही, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. "काय रे भो, वळखं नही का माले?" ते म्हणाले. शाळेत या माणसाच्या तोंडून त्याच्या घरच्या अहिराणीचा एक शब्द कधी ऐकला नव्हता. मी उत्तर दिलं ते आमच्या पावरीत. गुमानचं सगळं, चिंचेपासून जीपपर्यंत. स्टँडवरची माणसं वळून बघत होती. सर शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "माले काहीच समजनं नही." "तेव्हाही समजलं नव्हतं," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.

मला वाटलं, संपलं. पण त्या सगळ्या बोलण्यातला एक शब्द त्यांनी धरून ठेवला होता, गुमान. बऱ्याच दिवसांनी ते माझं घर शोधत धडगावला आले. रनाळ्याहून नंदुरबार, तिथून शहादा, तिथून घाट. त्या वयात. खुर्चीवर टेकले आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "त्या पोऱ्याले भाकर मीच दिधी व्हती. माले बठ्ठं याद उनं." सगळं आठवलं होतं त्यांना. मग जे सांगितलं त्याची मला कल्पना नव्हती. डी.एड.ला असताना त्यांचं अहिराणीतलं 'शे' आणि 'मन्हा' ऐकून वर्ग हसायचा. तिथले शिक्षक त्यांना उभं करून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. "मन्ही भाषा मी तठेच सोडी दिधी," म्हणाले. "माले वाटे, तुमले कोनी हसाले नको." मी ऐकून घेतलं. स्वतः पोळलेला माणूस दुसऱ्याला चटका कसा देतो हे मला त्या दिवशी उमगलं नाही, आजही उमगत नाही. त्यांना सायकीकडं जायचं होतं, माफी मागायला. मी म्हटलं, "मागा. पण तिला मराठी येत नाही. तिच्या भाषेत मागावी लागेल."

मला वाटलं होतं, एवढ्यावर ते परत फिरतील. ते पावरी शिकायला येऊ लागले. आणि काय सांगू, इतका मठ्ठ विद्यार्थी मी बघितला नाही. आमचे स्वर त्यांच्या गळ्यातून निघत नव्हते, एक शब्द आला की कालचा विसरलेला. एकदा मी इतका वैतागलो की चहाचा कप त्यांच्यापुढून उचलला आणि म्हटलं, "आधी पूर्ण वाक्य. मग चहा." आप्पा हात मांडीवर ठेवून वाक्य जुळवत बसले, ओठ हलत होते, डोळे खाली. माझी बायको स्वयंपाकघरातून आली, माझ्या हातातला कप घेतला, त्यांच्या हातात दिला आणि पावरीत मला म्हणाली, "तुम्हाला शाळा चांगलीच लागली म्हणायची." त्या दिवसापासून मी त्यांना आप्पा म्हणू लागलो. का, ते नीट सांगता येत नाही.

सायकी आता पार वाकली आहे. आम्ही गेलो तेव्हा ओसरीत मका सोलत होती. आप्पा तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि पाठ केलेलं सगळं मोडक्यातोडक्या पावरीत बोलले. मी अधीक्षक होतो. तुझ्या मुलाचं पोट दुखत होतं. मी ऐकलं नाही. मी त्याला भाकरी दिली. चूक माझी. सायकीचे हात थांबले होते. तिनं एकच विचारलं, "त्यानं ती खाल्ली का?" आप्पांना प्रश्न कळला, मी सांगण्याआधीच कळला. "नाही," ते म्हणाले. "हातात धरून उभा होता." सायकी माझ्याकडं वळून म्हणाली, "याला सांग, हे मला ठाऊकच होतं. तू तेव्हाच सांगितलं होतंस. माझ्या ओसरीत येऊन मला माहीत असलेलं सांगून काय होणार? ज्यांनी ताप म्हणून सांगितलं त्यांच्यासमोर सांग. शाळेत सांग. मी येते, तिथं बसते." मी मराठीत सांगितलं. आप्पा म्हणाले, "सांगसू."

आणि इथून माझ्या वैतागाची खरी गोष्ट सुरू होते. आप्पा संस्थेच्या अध्यक्षांना भेटले, सोबत मीही होतो. अध्यक्षांनी आम्हाला थंड पाणी दिलं, चहा दिला, आप्पांच्या पाठीवरून हात फिरवला. "आप्पा, जुनं उकरून काय मिळणार? मुलाचं दुर्दैव. आपण असं करू, त्या माउलीचा सत्कार करू. आदिवासी दिनाचा कार्यक्रम आहेच." मी म्हटलं, तिला सत्कार नको आहे, काय घडलं ते कबूल केलेलं ऐकायचं आहे. "तेच हो सर," अध्यक्ष म्हणाले, "सत्कारात सगळं येतं." या माणसांशी भांडताही येत नाही, कारण ती कशालाच नाही म्हणत नाहीत.

कार्यक्रमाला सायकी डोंगर उतरून आली. होळीला आमची माणसं मोरपिसांचे टोप स्वतः बांधतात. त्यांच्या नकला भाड्यानं आणून, प्लास्टिकची पिसं डोक्यावर घालून पोरांना नाचवलं. नाचता नाचता एक मुलगी दुसरीला पावरीत काहीतरी म्हणाली तर शिक्षकानं डोळे वटारलेले मी बघितले. सायकीला साडी, नारळ, शाल. मग आप्पांना दोन शब्द बोलायला बोलावलं. पहिल्या रांगेत त्यांचे सगळे जुने सहकारी, आणि कडेला खुर्च्या लावायला उभा असलेला त्यांचा मुलगा, तो त्याच संस्थेत लिपिक आहे. आप्पांनी माइक धरला, सायकीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "शिस्तीच्या भरात आमच्याकडून काही चुका झाल्या असतील. कुणाचं मन दुखावलं असेल तर..." पुढचं टाळ्यांत बुडालं. झाल्या असतील! ज्या माणसानं आम्हाला कर्ता, कर्म, क्रियापद शिकवण्यासाठी ताटं रिकामी ठेवली, त्याच्या वाक्यात त्या दिवशी कर्ता नव्हता. सायकीला शब्द कळले नाहीत, तरी गुमानचं नाव आलं नाही एवढं कळलं. साडी खुर्चीवर ठेवून ती उठली आणि डोंगराच्या वाटेला लागली. परतताना जीपमध्ये आप्पा म्हणाले, "मन्हा पोऱ्या तठे नोकरीले शे, वेस्ता." माझं खरं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा घेतलं. आणि ते जीपमधून उतरताना मी त्यांना हातही दिला नाही.

पुढं कित्येक महिने मी त्यांचा फोन घेतला नाही. ते मात्र एकटेच पाड्यावर जायला लागले होते, हे मला पाड्यावरच्या लोकांकडून कळायचं. मग एका सकाळी आश्रमशाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "सर, तुमचे पाटील गुरुजी इथं येऊन गोंधळ घालताहेत. घेऊन जा त्यांना." मी मोटरसायकल काढली. आप्पा व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते, घामाघूम. परिपाठाच्या वेळी आत शिरून त्यांनी माइक घेतला होता आणि पोरांना पावरीत सगळं सांगितलं होतं. गुमानचं नाव घेऊन, त्याच्या आईचं नाव घेऊन. आधी त्यांचे उच्चार ऐकून पोरं खो-खो हसली. मग हळूहळू गप्प झाली. मुख्याध्यापकांना भाषा कळत नसल्यामुळं, हे स्वागताचं काहीतरी असावं म्हणून ते आधी हसतमुखानं उभे राहिले. पोरं रडायला लागल्यावर त्यांनी माइक बंद करवला. आप्पा माइकशिवाय बोलत राहिले.

"सांगी दिधं," मला बघून म्हणाले. "पुरं सांगी दिधं." मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिथंच त्यांच्यावर ओरडलो. "कुणाला सांगितलंत? अध्यक्ष कुठं होते? सायकी कुठं होती? ज्या लेकरांचा यात काही दोष नाही, त्यांना रडवून काय मिळवलंत?" आप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तू कव्हय खूश व्हशी रे भो?" त्यांनी विचारलं. केव्हा खूश होणार मी? त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवलं. वाटेत ते म्हणाले, होळी होऊ दे, मग सायकीला घेऊन येऊ, अध्यक्षांना समोर बसवू, सगळ्यांसमोर पुन्हा सांगू. मुलानं घरात बोलणं टाकलं होतं, पण आता त्यांना त्याची फिकीर दिसत नव्हती. होळी उजाडलीच नाही त्यांच्यासाठी. थंडीत छातीचं दुखणं उपटलं आणि त्यातच ते गेले.

आश्रमशाळेनं शोकसभा ठेवली. फलकावर 'शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय' असं छापलेलं. मी ठरवलं, आप्पांचं राहिलेलं वाक्य मी तिथं पूर्ण करायचं, सायकीला शेजारी बसवून. तिला आणायला पाड्यावर गेलो. ती म्हणाली, "तू का सांगणार? तू काय केलं होतंस? मेलेल्याच्या नावानं दुसऱ्यानं माफी मागायची नसते." मग सांगू की नको अशा थाटात तिनं सांगितलं, ठुमलीची मुलगी सध्या त्याच शाळेत आहे. आईबाप उसाला गेले की पोरीला ठेवायला दुसरी जागा नाही. सुट्टीत आली तेव्हा ती आजीला म्हणाली होती, एक म्हातारा आला होता, वेडंवाकडं बोलत होता, गुमानमामाचं नाव घेत होता. "नाव बरोबर घेतलं म्हणे," सायकी म्हणाली. "पण मी तिथं नव्हते."

मी शोकसभेला एकटाच गेलो. आप्पांचं बोललो नाही, शाळेचं बोललो. म्हटलं, आप्पांनी त्यांच्या वाट्याचं उशिरा का होईना सांगितलं, संस्थेनं अजून सांगितलेलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, सूत्रसंचालकानं पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

परवा पुन्हा पाड्यावर गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. आप्पा त्याच दिवशी यायचे, कारण त्या दिवशी वर जाणाऱ्या जीप मिळतात. ते आले की सायकी त्यांच्याशी बोलायची नाही, पण घरातली खाट ओढून बाहेर महूच्या झाडाच्या सावलीत टाकायची. ते बसायचे, पावरीत पावसापाण्याचं काहीबाही विचारायचे, ती आपलं काम करत राहायची, उन्हं कलली की ते निघायचे. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. मी पोचलो तेव्हा खाट बाहेर टाकलेली होती. मला वाटलं, म्हातारीला सवय लागली असेल, कुणी तिला नीट सांगितलंच नसेल. मी हळूच म्हटलं, "आजी, आप्पा आता यायचे नाहीत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तो यायचा होता तेवढा आला. डोंगर चढून आला. आता ज्यांनी त्याला गप्प बसवलं त्यांनी यावं. त्या अध्यक्षाला सांग, खाट टाकलेली आहे."

मी अध्यक्षांच्या कार्यालयात फोन केला. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं कळलं. पुन्हा केला, तेव्हा साहेब बाहेरगावी होते. म्हणून सायकीचा निरोप इथं लिहून ठेवतो. पाड्यापर्यंत आता रस्ता झाला आहे, गाडी थेट दारापर्यंत जाते.

त्या दिवशी मी बसायला गेलो तर तिनं मला खाटेवर बसू दिलं नाही. खाली घोंगडी अंथरून दिली.